वाचताना फाडफाड, बोलताना ततपप

"मॅडम, रोज तासभर मोठ्याने वाचून घेतो. वाचताना फाडफाड, आणि दुकानदारासमोर उभा राहिला की ततपप. मनावरच घेत नाही!" मी स्पीच थेरपिस्ट. नाशकात गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत तोतरं बोलणाऱ्या मुलांच्या पालकांचं हे गाऱ्हाणं सतत कानावर पडतं.

सुहासचे (नाव बदललंय) वडील हेच म्हणाले. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार. मुलगा नाशकात इंजिनिअरिंगला. वेखंड चाटवून झालं होतं, तोंडात गोटी ठेवून झाली होती. "मीपण लहानपणी अडखळायचो. माझं आपोआप गेलं. याचं का नाही?"

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि चारातल्या साधारण तीन मुलांचा पुढे जातो. घराण्यात असला तर मुलात येण्याची शक्यता वाढते. वडिलांचा गेला, सुहासचा राहिला. यात जिद्दीचा संबंध नाही.

बोलणं म्हणजे ओठ, जीभ, स्वरयंत्र आणि श्वास यांची क्षणार्धात जुळवायची हालचाल. लांबलचक निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले तर तोतरं बोलणारेही सरावाने सुधारतात, पण काही अभ्यासांत दिसलंय की त्यांच्या ओठांच्या हालचालीला स्थिरपणा उशिरा येतो. वाक्य लांबलं की तो पुन्हा डळमळतो. म्हणजे शिकणं होतं, वेळ जास्त लागतो. त्यात एकच परिच्छेद घोटला तर त्या बैठकीपुरता गुळगुळीत होतो. हाताच्या हालचालींवर १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं, की आलटूनपालटून केलेला सराव त्या वेळी खडबडीत वाटतो, पण नंतर जास्त टिकतो. माझा भर त्यावरच.

हे सगळं सुहासला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "वाचताना तू कोणाशी बोलत असतोस?"

"को-कोणाशीच नाही." मग बराच वेळ गप्प. "म्हणजे मी वाचायचाच सराव केलाय."

वर्षानुवर्षं पालकांना समजावते ते पोराने एका वाक्यात मांडलं. खरं सांगते, त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

मग तासाऐवजी दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वाक्य रोज वेगळं, माणूस वेगळा: रिक्षावाला, मेडिकलवाला, कॉलेजच्या ऑफिसला फोन. एकदा ठक्कर बाजारच्या स्टँडवर मी सोबत होते. गाडीची वेळ त्याला पाठ होती, तरी विचारायची. 'पिंपळगाव'च्या 'प'वर ओठ घट्ट मिटले, मानेची शीर ताठ झाली. त्याने जोर लावला नाही. ओठ सैल सोडले, हलकेच शब्दात शिरला आणि वाक्य पुरं केलं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता वेळ सांगितली. "अडकलो होतो, पण निघालो," सुहास म्हणाला. अस्खलित परिच्छेदापेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

वडिलांना काम एकच दिलं: "हळू बोल", "श्वास घे" बंद. वाक्य तोडायचं नाही, पुरवायचंही नाही. द्राक्षाच्या भावावर वाद घालताना हे त्यांना फार जड गेलं!

लहान मुलांच्या पालकांसाठी थोडं वेगळं. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात कोणाला होतं, किंवा मूल बोलायचंच टाळू लागलं, तर वाट न पाहता स्पीच थेरपिस्टला दाखवा. शाळेत प्रकट वाचन असेल तर बाईंना आधी सांगून ठेवा. सोबत कोणी वाचत असलं की बहुतेक मुलं अडखळत नाहीत, तेव्हा सुरुवातीला जोडीने वाचू द्या.