दहा महिन्यांच्या लॅब्रडॉरसाठी केनेल, घरी येणारा प्रशिक्षक की नुसता वॉकर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दहा महिन्यांचा लॅब्रडॉर आहे, पती-पत्नी दोघेही दिवसभर नोकरीवर असतात आणि घरी फक्त सासूबाई असतात. कुत्रा पट्टा ओढतो, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतो आणि सासूबाई दुपारी भजनी मंडळाला गेल्या की सोफा कुरतडतो. एका प्रशिक्षकाने त्याला दोन महिने स्वतःच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवण्याच्या आवारात, ठेवून ‘पूर्ण तयार करून’ परत देतो असे सांगितले आहे, दुसरा घरी येऊन शिकवतो आणि तिसरा पर्याय सकाळ-संध्याकाळ फिरवणाऱ्या वॉकरचा आहे. माझे स्पष्ट मत असे की केनेलचा विचार सोडून द्यावा, घरी येणारा प्रशिक्षक निवडावा आणि वॉकरही ठेवावा, मात्र त्याने पट्टा कसा धरायचा हे त्या प्रशिक्षकाने आपल्यादेखत त्याला दाखवून दिलेले असावे.

कुत्रा एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू करत नाही. केनेलच्या आवारात, रोजच्या माणसाच्या तोंडून ‘सिट’ ऐकताच बसणारा कुत्रा आपल्या दारात, बेल वाजलेली असताना, सासूबाईंनी तोच शब्द उच्चारल्यावर बसेल याची काहीच खात्री नसते. बिघडलेली सवय आपल्या घरातल्या दाराशी, लिफ्टशी आणि माणसांशी जोडलेली आहे, त्यामुळे ती तिथेच बदलावी लागते. शिवाय दोन महिने बंद फाटकाआड त्याला कसे शिकवले गेले हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि मला सर्वांत मोठी काळजी त्याचीच वाटते.

आपल्याकडे प्रशिक्षक म्हणून काम करण्यासाठी कोणताही सक्तीचा परवाना लागत नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. ‘कुत्र्याला आपण मालक आहोत हे दाखवून द्यावे लागते, नाहीतर तो डोक्यावर बसतो’ असे सांगणारे प्रशिक्षक अजूनही भेटतात. या समजुतीचे मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. एकत्र कोंडलेले, एकमेकांना अनोळखी लांडगे वर्चस्वासाठी भांडतात, असे त्यात दिसले होते. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी मोकळ्या रानातल्या कळपांचे निरीक्षण करून १९९९ साली दाखवून दिले की तो कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. मुळात लांडग्यांबद्दलच जी गोष्ट खरी नाही, तिच्या आधारावर घरातल्या लॅब्रडॉरच्या गळ्यात ओढताच आवळली जाणारी चोक चेन घालून हिसके देण्याचे समर्थन कसे होऊ शकते? अमेरिकेतील पशुवर्तन-तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात अशी भूमिका जाहीर केली आणि वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या कॉलरवर २०१० पासूनच बंदी आहे.

म्हणून प्रशिक्षकाला पहिल्याच भेटीत विचारावे की कुत्र्याने बरोबर केले तर आपण काय करता, आणि चुकले तर काय करता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, किंवा ‘ते माझ्यावर सोडा’ असे आले, तर पुढे जाऊ नये. सत्राच्या वेळी प्रशिक्षकापेक्षा कुत्र्याकडे जास्त लक्ष द्यावे. झोप आलेली नसताना वारंवार जांभया देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, अंग चोरणे, कान मागे पाडणे, नजर चुकवताना डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही सगळी ताणाची लक्षणे आहेत. असा कुत्रा निमूट बसलेला दिसला तरी तो शिकलेला नसतो, घाबरलेला असतो.

पट्टा ओढण्याचेच उदाहरण घेऊ. चांगला प्रशिक्षक गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा, पुढे कडी असलेला हार्नेस घालायला सांगतो आणि रस्त्यावर न नेता आधी पार्किंगमधल्या मोकळ्या कोपऱ्यात उभा करतो. पट्टा ताणला गेला की माणसाने काहीही न बोलता थांबायचे. कुत्रा मागे वळून पाहतो, पट्ट्याला किंचित झोळ पडतो, त्याच क्षणी ‘येस’ म्हणायचे, मांडीजवळ खाऊ द्यायचा आणि पुढे चालायचे. खाऊ दोन-तीन सेकंद उशिरा दिला तर तोवर कुत्र्याने पुन्हा ओढलेले असते आणि बक्षीस नेमके ओढण्याला मिळते. ही वेळ साधणे आपल्या हाताला शिकायचे असते, आणि म्हणूनच घरातल्या प्रत्येकाने सत्राला उपस्थित राहावे असा माझा आग्रह आहे. सासूबाईंनी तर नक्कीच, कारण उडी मारणाऱ्या लॅब्रडॉरच्या वजनाने वयस्कर माणूस सहज पडू शकतो. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याच्याशी बोलायचे आणि उडी मारली की पाठ फिरवायची, हा नियम घरातल्या एकाने जरी मोडला तरी सगळे मुसळ केरात जाते.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे पुरतात, आणि तेवढे अन्न जेवणातून कमी करावे. लॅब्रडॉरच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते. भूक भागल्याची जाणीव मंदावणारा एक जनुकीय बदल या जातीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले आहे.

आता व्यायाम. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी आणि मासे ओढण्याचे काम करत, पुढे त्यांना शिकारीतले पक्षी उचलून आणण्यासाठी वाढवले गेले. अशा कुत्र्याला दिवसातून दोनदा खाली नेऊन शी-शू उरकून आणणे म्हणजे व्यायाम नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हादेखील गुन्हा आहे, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असते. मात्र व्यायाम म्हणजे दुचाकीच्या मागे पळवणेही नव्हे. या वयात त्याची हाडे अजून वाढत असतात, त्यामुळे लांब पळवणे, उंच उड्या आणि जिन्यावरची धावपळ टाळावी. मनसोक्त हुंगू देणे, झुडपात लपवलेला चेंडू शोधायला लावणे यानेही तो छान दमतो. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधी फिरवून आणावे आणि डांबरावर आपल्या हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नये. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर घेतली आहे ना ते पाहावे, साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नये आणि परत आल्यावर कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत.

वॉकर निवडताना तो एका वेळी किती कुत्री नेतो हे विचारावे. चार-पाच पट्टे एका हातात आणि दुसऱ्या हातात मोबाईल, हे दृश्य आपण सोसायट्यांच्या फाटकाबाहेर रोज पाहतो. अशा फेरीत कुत्री चालत नाहीत, फरफटत जातात. दोनपेक्षा जास्त कुत्री नेणारा नको. पहिला आठवडा सोबत चालावे आणि नंतरही अधूनमधून न सांगता खाली जावे.

सोफ्याबद्दल मात्र निष्कर्ष काढण्याआधी एक जुना मोबाईल घरात लावून चित्रीकरण करावे. कुत्रा तासभर झोपून, उठून, कंटाळून कुरतडत असेल तर वाढलेला व्यायाम आणि चघळायला योग्य वस्तू यांनी फरक पडेल. पण दार बंद होताच तो येरझाऱ्या घालत असेल, लाळ गाळत असेल, दार खरवडत किंवा रडत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. ती शिस्तीने जात नाही आणि वॉकरनेही जात नाही. त्यासाठी प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्यांकडे जावे आणि ते चित्रीकरण त्यांना दाखवावे.