होटनला नोव्हेंबरात येताय? पंधरा तारखेच्या आत एवढं उरका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमधल्या होटनच्या विद्यापीठात पोस्टडॉक मिळालाय, बायको आणि आठ वर्षांची मुलगी सोबत आहे, ५ नोव्हेंबरला पोहोचताय. थंडी कितपत असते, जॅकेटं पुण्यातूनच घ्यावीत का, आणि त्या दिवसांत हरणांची शिकार चालते म्हणतात तर मुलीला घेऊन बाहेर पडावं की नाही. व्हिसा, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), गाडीचा परवाना हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी परत लिहीत बसत नाही. तिथे जे सापडत नाही ते सांगते. लांबेल जरा. प्रश्न वाचल्यावर माझंही बरंच काही वर आलंय.

पहिली गोष्ट, जमत असेल तर तिकीट पुढे ओढून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं घ्या. बंदुकीने हरीण मारायचा हंगाम मिशिगनमध्ये दरवर्षी १५ ते ३० नोव्हेंबर असतो, मग वार कुठलाही असो. अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या ज्या उत्तरेकडच्या भागात होटन आहे तिथे, १५ तारीख म्हणजे मोठा सणच. पुष्कळ शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. फर्नेसवाला (फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी), प्लंबर, टायर बसवणारा, तुमचा घरमालक यांतले निम्मे लोक ‘कॅम्प’वर असतात, म्हणजे रानातल्या लाकडी खोपटात, आणि तिथे फोन लागत नाही. थंडीचा पहिला तडाखाही नेमका याच सुमारास बसतो. फर्नेस बंद पडला तर माणूस मिळायला चार दिवस लागू शकतात. म्हणून जे काही करायचं ते १४ तारखेच्या आत.

आता थंडी. सगळे तुम्हाला जानेवारीची भीती घालतील, आणि यूएस-४१ महामार्गावरच्या त्या उंच बर्फमापीचा फोटो पाठवतील, १९७८-७९ च्या मोसमात ३९०.४ इंच बर्फ पडल्याचं दाखवणारा. तो बघा आणि विसरून जा. जानेवारीतली थंडी कोरडी असते, बर्फ पिठासारखा झटकला की पडतो. नोव्हेंबर वाईट. पारा शून्याच्या वरखाली, सकाळी पाऊस, दुपारी गारांचा चुरा, संध्याकाळी ओला जड बर्फ, आणि रात्री सगळं गोठून काच. अंग गारठून माणूस दगावतो तो याच हवेत, कारण कपडे भिजतात. ११ नोव्हेंबर १९४० ला मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यांत बदकांच्या शिकारीला गेलेले पुष्कळ. सकाळ उबदार होती म्हणून ते साध्या कपड्यांत निघाले होते, आणि काही तासांत हिमवादळ आलं.

यामागचं कारण लेक सुपीरियर. नोव्हेंबरात हवा गोठलेली पण पाणी अजून त्या मानाने ऊबदार असतं. वायव्येचा वारा पाण्यावरून वाफ उचलतो आणि किविनॉच्या, म्हणजे होटनच्या आसपासच्या द्वीपकल्पाच्या, टेकड्यांवर आणून टाकतो. बर्फ पट्ट्यांनी पडतो. तुमच्या दारात ऊन आणि पाच मैलांवर समोरची गाडी दिसत नाही, हे रोजचं. त्यामुळे ‘हवामान कसं आहे’ हे खिडकीतून ठरवायचं नाही, निघण्याआधी राज्याच्या रस्त्यांवरचे कॅमेरे बघायचे.

जॅकेट पुण्यातून आणू नका. आणायचेच तर मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल आणा, माणशी दोन जोड. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स आतून नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गारठवतो. वर फ्लीस, त्याच्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बूट इथेच घ्या, आतलं नमद्याचं अस्तर बाहेर काढून वाळवता येईल असे, अर्ध्या मापाने मोठे. मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट घट्ट केला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गोठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेले मोजे, ऊबदार. हंगामामुळे नोव्हेंबरात शेतीमालाच्या दुकानांत शिकाऱ्यांचे कपडे ढिगाने असतात. दिसायला काही खास नाहीत, पण मॉलमधल्या कोटापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचे. हातात धरायच्या गरम पुड्या पाकीट फोडून दहा-पंधरा मिनिटं हवेत ठेवल्या की मगच तापतात. आत लोखंडाचा भुगा असतो, त्याला हवा लागते. फोडून थेट बुटात कोंबल्या तर गार त्या गारच राहतात.

वाऱ्याचा हिशेब तेवढा लक्षात ठेवा. पारा उणे १८ सेल्सिअस आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल तर अंगाला ते उणे २८ सारखं लागतं, आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. कान आणि गाल आधी जातात.

गाडीबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. चारही टायर हिवाळी घ्या, बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले. दोनच बदलले तर वळणावर गाडी मागून फिरते. ऑल-सीझन टायरचं रबर सात अंशांखाली कडक व्हायला लागतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय कमी होते, तेव्हा हवा गाडी गार असताना तपासा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर दुकानात चाचणी करून घ्या; गोठणबिंदूलाच तिची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. काचेवर मारायचं पाणी उणे २० फॅरनहाइट किंवा त्याहून खालचं हवं. नुसतं वरून ओतून उपयोग नाही. आधी टाकीतलं जुनं फवारून संपवा आणि नवं नळीत येईपर्यंत फवारा, नाहीतर नळीतलं जुनं पाणी गोठतं. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, बर्फ खरवडायची पट्टी, दोन घोंगड्या, टॉर्च, वाळूची पिशवी. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. आधी धुराड्याचं तोंड मोकळं करा, मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

आता हरणं. नोव्हेंबरात नर माजावर असतात, माद्यांच्या मागे बेभान पळतात, रस्ता बघत नाहीत. त्यातच नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे कामावरून घरी परतायची वेळ आणि हरणं रस्त्यावर यायची वेळ एकच होते. एक हरीण गेलं की थांबा, मागून दुसरं येतंच. समोर आलंच तर जोरात ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग वळवू नका. जीव जातात ते बहुतेक गाडी झाडावर किंवा समोरच्या गाडीवर गेल्याने. अपवाद मूसचा, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या अवाढव्य हरणाचा. मिशिगॅमीच्या बाजूला १९८५ आणि १९८७ मध्ये कॅनडातून आणून सोडलेल्या मूसची पिल्लावळ आहे, त्यांचे पाय एवढे उंच की धड थेट काचेतून आत येतं, तिथे चुकवता आलं तर चुकवा. आणि विमा घेताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्याच. हरणाची धडक त्यात मोडते. हरीण चुकवून झाडावर गेलात तर तो ‘कोलिजन’, वेगळा भाग. हप्ता वाचवायला लोक नेमकं कॉम्प्रिहेन्सिव्ह काढून टाकतात.

विमा म्हटलं की कागदांचं आठवतंच. गाडी चालवायच्या परवान्याला पत्त्याचे दोन पुरावे लागतात. पत्त्याचा पुरावा म्हणजे विजेचं बिल. वीज जोडायला क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून अनामत मागतात, आणि बिल महिन्याने येतं. तोवर विमावाला स्थानिक परवाना नाही म्हणून दुप्पट हप्ता सांगतो. नवरा-बायको दोघांचंही नाव भाडेकरारात आणि विजेच्या खात्यात पहिल्याच दिवशी घाला. एकाच्याच नावावर असलं की दुसऱ्याला खिडकीवर ‘तुम्ही इथे राहता याला पुरावा काय’ हे ऐकत उभं राहावं लागतं. डिग्र्या घेऊन आलेल्या बाईला तो प्रश्न कसा लागतो, ते तुमच्या बायकोला इथे आल्यावर विचारा.

घर भाड्याने घेताना विचारा, नॅचरल गॅस की प्रोपेन. प्रोपेनची ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. काटा तीस टक्क्यांवर आला की फोन करा, पंधरावर नाही, कारण बर्फ असेल तर टँकर येईपर्यंत टाकी रिकामी होते. टँकरची वाट तुम्हीच साफ ठेवायची. नव्या पद्धतीच्या फर्नेसच्या दोन पांढऱ्या पीव्हीसी नळ्या भिंतीतून बाहेर येतात, बऱ्याचदा जमिनीपासून फूट-दीड फुटावर. वाऱ्याने बर्फ साचून त्या बुजल्या की फर्नेस आपोआप बंद होतो, आणि लोक आत थर्मोस्टॅट बडवत बसतात. आधी बाहेर जाऊन नळ्या बघा. कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र प्रत्येक मजल्यावर असू द्या. बाहेरगावी गेलात तरी थर्मोस्टॅट १३ सेल्सिअसच्या खाली नको, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा. ओल्या बर्फाने फांद्या तुटून वीज जाते, आणि घराला विहिरीचं पाणी असेल तर पंप बंद, म्हणजे पाणीही गेलं. दोन-तीन बादल्या भरून ठेवायची आपली सवय इथे फार उपयोगी पडते.

मुलीला घेऊन बाहेर पडा, बिनधास्त. फक्त रानात नारिंगी घाला. कायद्याने ते शिकाऱ्याला लागतं, फिरणाऱ्याला नाही, पण पंधरा-वीस डॉलरच्या बंडीत डोकं कशाला चालवायचं. बंडी जॅकेटच्या वरून घाला. पाठीवर दप्तर असेल तर दप्तरालाही नारिंगी फडकं बांधा, नाहीतर मागून बंडी दिसतच नाही. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, हातात पांढरा रुमाल नको. इथल्या हरणाची शेपटी खालून पांढरी असते, ती उडताना लांबून तशीच दिसते. गोळी चालवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. हरणं पहाटे आणि सांजेला हलतात, म्हणून दुपारी ११ ते २ फिरा. राहत्या घरापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही. पंधराच्या पहाटे मात्र लांबून बार ऐकू येतील. मुलीला चौदाच्या रात्रीच सांगून ठेवा.

शेजारी हरणाचं मांस आणून देतील. खात असाल तर घ्या, पण सॉसेज असेल तर विचारा. त्यात बहुतेकदा डुकराची चरबी घालतात. हरणांतला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग अप्पर पेनिन्सुलात २०१८ मध्ये सापडला, तपासणी केली होती का हेही विचारलं तरी कुणी रागावत नाही. खात नसाल तर स्वच्छ नाही म्हणा.

एकटेपणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तेव्हा फार बोलत नाही. पाच-सव्वापाचला अंधार, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या, आणि दुपारी बाहेर पडा. घड्याळं बदलली की भारत साडेदहा तास पुढे, इथे रात्री साडेआठ म्हणजे घरी सकाळचे सात. आईचा चहा चालू असतो. ‘बर्फ छान पडतोय’ म्हणायची सवय होते. होतं सगळं.

शाळेचं मात्र सांगतेच. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर काढतात, कडाका फारच असेल तेव्हाच आत ठेवतात. त्यामुळे पट्ट्यांची स्नोपँट, बूट, मिटनचे दोन जोड, सगळ्यावर नाव. क्रम असा: आधी स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, शेवटी मिटन. मिटन आधी घातले तर चेन लागत नाही आणि मुलगी रडत मागे राहते. घरी घड्याळ लावून सराव घ्या, एकटीला पाच मिनिटांत जमलं पाहिजे.

आणि दिवाळी. बापाबरोबर रानात जाता यावं म्हणून पंधराला अख्खी शाळा बंद ठेवतात, त्याला माझी ना नाही, उलट मला ते आवडतं. पण लक्ष्मीपूजनाला मूल घरी ठेवलं तर नोंद ‘विनापरवानगी गैरहजर’, आणि वर्षाच्या शेवटी हजेरीचं प्रशस्तिपत्रक त्याच एका दिवसापायी हुकतं. शाळेचं नाव लिहीत नाही. नोंद करणाऱ्या त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांच्या फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. मला ते अजून गिळता आलेलं नाही. तुम्ही प्रवेशाच्या कागदांबरोबरच सणांच्या तारखा लेखी द्या, कारणात ‘धार्मिक सण’ असंच लिहा, ‘कौटुंबिक कार्यक्रम’ नको. पोचेचा ईमेल मागून घ्या, आणि दर सप्टेंबरला नव्या वर्गशिक्षिकेला तो पुन्हा पाठवा.