पाटल्या गहाण ठेवू नका, पण मुलाला कोच नक्की होऊ द्या

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, सोबतचा व्हिडिओही पाहिला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई पुण्यात चार घरी स्वयंपाकाची कामं करतात. मुलगा लहानपणी जवळच्या टेनिस क्लबवर बॉलबॉय म्हणून जायला लागला, आता 19 वर्षांचा आहे आणि तिथेच मार्कर आहे, म्हणजे पहाटे मेंबर लोकांबरोबर खेळायचं, संध्याकाळी कोचच्या हाताखाली लहान मुलांना बॉल फीड करायचे आणि मधल्या वेळात एसवायबीए. त्याच्या फोनवर जाहिरात आली, दोन दिवसांत ऑनलाईन इंटरनॅशनल टेनिस कोच व्हा, परदेशात नोकरी मिळवा, फी 45 हजार. ताईंनी विचारलंय की पाटल्या गहाण ठेवून ही फी भरू का, मुलगा कॉलेज सोडायचं म्हणतोय ते चालेल का, आणि क्लबवर अशीच अजून पाच-सहा मुलं आहेत त्यांच्यासाठी काही होऊ शकतं का.

पाटल्या गहाण ठेवू नका. सगळ्यात आधी हे. दोन दिवसांत घरबसल्या कोणी टेनिस कोच होत नाही, कारण कोच म्हणून पास करायचं तर परीक्षकाने तुम्हाला कोर्टवर प्रत्यक्ष शिकवताना बघावं लागतं, आणि ज्या सर्टिफिकेटसाठी हे कोणी बघितलेलंच नाही त्यावर इंटरनॅशनल छापलेलं असलं तरी चांगली अकॅडमी ते बाजूलाच ठेवणार.

आता व्हिडिओबद्दल, कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल. सहा-सात वर्षांची मुलगी आहे, मोठ्या कोर्टवर बेसलाईनला, म्हणजे अगदी मागच्या रेषेवर, उभी आहे, नेहमीचा पिवळा बॉल टप्पा पडून तिच्या डोक्यावरून जातोय आणि ती बिचारी रॅकेट वर करून माशी मारल्यासारखं करतेय. तुमच्या मुलाने दोन बॉल टाकले, थांबला, तिला पुढे नेटजवळ, सर्व्हिस लाईनच्या आत बोलावलं, बास्केट उपसून हवा गेलेले जुने डेड बॉल शोधून काढले, गुडघ्यावर बसून हाताने एकेक बॉल टाकायला लागला, आणि चौथ्या बॉलला तिने तो नेटपलीकडे घातला. तिला बोलला किती तर एकच वाक्य, "बॉल पोटासमोर आला की मार." त्याला हे कोणी शिकवलं मला माहीत नाही, पण आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या, म्हणजे आयटीएफच्या, सुरुवातीच्या कोर्सचा गाभाच हा आहे. लहान मुलांसाठी त्यांनी लाल, नारंगी आणि हिरवे बॉल ठरवलेत, लाल नेहमीच्या बॉलपेक्षा 75 टक्के हळू, नारंगी 50 आणि हिरवा 25, आणि लाल बॉलचं कोर्ट साधारण 11 मीटरचं, मोठं कोर्ट 23.77 मीटरचं असतं. 2012 पासून तर नियमच आहे की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा पिवळ्या बॉलवर घ्यायच्या नाहीत. तुमच्या क्लबवर लाल बॉल नाहीयेत म्हणून त्याने डेड बॉलवर काम भागवलं. हे करणाऱ्या मुलाकडे कोचिंगचं अर्धं शिक्षण आधीच आहे ताई, राहिलंय ते उरलेलं अर्धं, आणि ते कागद, इंग्रजी आणि स्वतःचा खेळ या तीन ठिकाणी अडलंय. तिन्ही सुटणारी आहेत, फक्त क्रमाने सोडवायला हवीत.

कागदाचं असं आहे. आयटीएफची शिडी ठरलेली आहे. सगळ्यात खाली प्ले टेनिस नावाचा छोटा कोर्स, मग लेव्हल 1 म्हणजे नवशिक्या आणि मधल्या दर्जाच्या खेळाडूंना शिकवायचं, लेव्हल 2 पुढच्या दर्जाच्या खेळाडूंसाठी आणि लेव्हल 3 एकदम वरच्या, हाय परफॉर्मन्सवाल्यांसाठी. हे कोर्स आयटीएफ परस्पर कोणालाही विकत नाही, त्या त्या देशाच्या टेनिस संघटनेमार्फत होतात, आपल्याकडे ऑल इंडिया टेनिस असोसिएशन म्हणजे आयटा, आणि आपल्या राज्याची महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस असोसिएशन म्हणजे एमएसएलटीए. म्हणजे कोर्स खरा की खोटा हे बघायचं तर जाहिरातवाल्याला नाही, आयटाला आणि एमएसएलटीएला ईमेल करून विचारायचं. लेव्हल 1 ला कित्येक दिवस कोर्टवर काढावे लागतात, लेखी परीक्षा असते, स्वतः शिकवून दाखवायचं असतं आणि स्वतःचा खेळही एका दर्जाचा लागतो. आयटीएफशिवाय पीटीआर म्हणून अमेरिकेतली संस्था आहे, 1976 पासूनची, तिचीही सर्टिफिकेटं खरी आहेत आणि बऱ्याच देशांत चालतात, तेव्हा आयटीएफ नाही म्हणजे फसवणूकच असं मी म्हणत नाहीये, पण आपल्याकडच्या मुलाने सुरुवात आयटामार्फत करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे लेव्हल 2 ला जाताना तोच रस्ता लागतो.

पैसे भरायच्या आधी फुकटचं संपवा. आयटीएफची अकॅडमी म्हणून ऑनलाईन जागा आहे, तिथे खातं उघडून बरंच काही मोफत शिकता येतं. त्यातलं मुलांच्या सुरक्षिततेचं प्रकरण त्याने सगळ्यात आधी करावं. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. तुमचा मुलगा 19 चा आहे, समोर सात-आठ वर्षांच्या मुली आहेत, ग्रिप दाखवायला हात धरावा लागतो, तर आधी विचारायचं, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं, क्लास बदलला तर मेसेज मुलांना नाही पालकांना करायचा, एकट्या मुलाला गाडीवर सोडायला जायचं नाही. आपल्याकडे 2012 पासून लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आहे आणि कोचने तो समजून घेतलाच पाहिजे. मुलांसाठी तर हे हवंच, पण गरीब घरातल्या तरुण कोचवर उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्या बाजूने बोलायला क्लबमध्ये कोणी नसतं, म्हणून त्याच्यासाठीही हवं. सोबत प्रथमोपचार आणि सीपीआरचं ट्रेनिंगही करून टाकावं.

इंग्रजीला तो घाबरतो असं तुम्ही लिहिलंय. अहो, निम्मं इंग्रजी तर तो रोज कोर्टवर बोलतो, ग्रिप, स्टान्स, फॉलो थ्रू, क्रॉस कोर्ट, डाऊन द लाईन. त्याला अडतं ते वाक्य लिहिताना. तर एक शंभर पानी वही आणा आणि रोज संध्याकाळचा क्लास संपला की त्यात चार ओळी इंग्रजीत लिहायच्या, आज कोणाला काय शिकवायचं होतं, वॉर्मअप काय घेतला, ड्रिल कुठली, काय जमलं नाही. चुका होऊ देत. सहा महिन्यांत इंग्रजी सुटेल आणि लेसन प्लॅन लिहायची सवयही लागेल, जी कोर्समध्ये लागतेच. लिहिताना आयटीएफने सांगितलेल्या पाच परिस्थिती डोळ्यासमोर ठेवायला सांगा, आपण सर्व्हिस करतोय, आपण रिटर्न करतोय, दोघंही बेसलाईनला आहेत, आपण नेटकडे जातोय, समोरचा नेटकडे येतोय. टेनिसचा प्रत्येक पॉइंट या पाचातच कुठेतरी घडतो, त्यामुळे नुसता फोरहँड शिकवला असं न लिहिता कुठल्या परिस्थितीतला फोरहँड ते लिहायचं.

खेळाबद्दल त्याला वाटतंय की मी कधी नॅशनल खेळलो नाही, मग मला कोण कोच म्हणणार. त्याला निक बोलेटिएरी या अमेरिकन कोचबद्दल वाचायला सांगा, मोठा खेळाडू कधीच नव्हता, पण आगासी, सेलेस, कुरियर असे नामवंत खेळाडू त्याच्या फ्लोरिडातल्या अकॅडमीतून आले आणि 2014 मध्ये त्याला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मार्करला उलट एक फायदा असतो, रोज वेगवेगळ्या दर्जाच्या माणसांना खेळवत ठेवायचं म्हणजे बॉल हवा तिथे, हव्या त्या वेगाने द्यायचा, ही कला भल्याभल्या रँकिंगवाल्यांकडे नसते. कमी पडते ती सर्व्हिस आणि मॅच खेळायची सवय, कारण मेंबर मार्करबरोबर रॅली करतात, पॉइंट लावून खेळत नाहीत.

इथेच कॉलेजचा प्रश्न येतो आणि माझं उत्तर आहे, कॉलेज अजिबात सोडायचं नाही. एक म्हणजे कॉलेजकडून त्याला आंतरमहाविद्यालयीन मॅच खेळता येतील, चांगला खेळला तर विद्यापीठाच्या टीममध्ये जाईल, टेनिसमध्ये एवढ्या स्वस्तात मॅच खेळायला दुसरीकडे कुठे मिळत नाहीत हो, एका स्पर्धेचा प्रवास, राहणं आणि एंट्री फी यातच महिन्याचा पगार जातो. दुसरं म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, ज्याला सगळे एनआयएस म्हणतात, डिप्लोमा करायचा तर पदवी लागते आणि खेळातला सहभाग बघतात, त्यात आंतरविद्यापीठ खेळलेलं कामाला येतं. सरकारी क्रीडा मार्गदर्शकाच्या जागांना एनआयएस विचारतात, आयटीएफची लेव्हल तिथे एकटी पुरत नाही, आणि क्लब-अकॅडमीत उलटं, तिथे आयटीएफ विचारतात. बीए पूर्ण असेल तर दोन्ही दारं उघडी राहतात. एसवायनंतर एकच वर्ष राहतं ताई, ते कसंही करून काढाच.

परदेशाचं म्हणाल तर संधी आहे, आखातात, मालदीवच्या रिसॉर्टवर आपल्याकडचे कोच काम करतात. पण ते पहिल्या सर्टिफिकेटवर लगेच होत नाही, आणि व्हिजिट व्हिसावर या, इकडे आल्यावर वर्क व्हिसा करून देऊ असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं. कामाचा व्हिसा आणि सही केलेला करार हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

आता त्याच्या कामाच्या अनुभवाचं. इतकी वर्षं तो त्या कोर्टवर आहे पण कागदावर कुठेच नाही, पगारसुद्धा रोख. क्लबच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेपासून बॉलबॉय, अमुक तारखेपासून मार्कर आणि सहायक कोच म्हणून काम करतो असं लेटरहेडवर लिहून द्या. द्यायला काही हरकत नसते, फक्त आजवर कोणी मागितलेलं नसतं. आणि कोर्सची खरी फी कळली की ज्यांची मुलं तो शिकवतो त्या पालकांशी बोला, दहा-बारा घरांनी मिळून एका मुलाची फी भरणं पुण्याच्या क्लबवर अवघड नाही, ज्या रॅकेटने त्यांची मुलं खेळतात तिची किंमत बघितली तर कळेल. मागायला लाजू नका, ही भीक नाहीये, शिकलेला कोच त्यांच्याच मुलांना मिळणार आहे.

उरलेल्या पाच-सहा मुलांबद्दल विचारलंत ते मला सगळ्यात आवडलं. यावर मी जरा रागावून लिहिणार आहे. आपल्याकडे गरीब मुलांच्या हातात रॅकेट देणाऱ्या योजना बऱ्याच निघतात, फोटो निघतात, पण ती मुलं मोठी झाली, खेळाडू म्हणून वर नाही गेली, की त्यांचं काय करायचं याचा विचार नसतो आणि त्यातलीच मुलं जन्मभर बास्केट उचलत राहतात. अमेरिकेत टेनिसपटू आर्थर ॲश आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी टेनिस आणि अभ्यास एकत्र असा कार्यक्रम सुरू केला, तो अजून चालू आहे. आपल्या देशात आंध्रात अनंतपूरला नादालच्या फाउंडेशनने 2010 मध्ये शाळा काढली, तिथेही टेनिससोबत इंग्रजी आणि कॉम्प्युटर शिकवतात. याच्या पुढची पायरी म्हणजे अशा मुलांना थेट कोचच्या मान्यताप्राप्त लेव्हलपर्यंत नेणं. त्यासाठी नुसती फी भरून भागत नाही. कोर्सच्या दिवसांत मार्करची रोजची कमाई बुडते, घरी भाडं थांबत नाही, म्हणजे बुडालेला पगार कोणीतरी दिला पाहिजे. परीक्षेच्या आधी काही महिने मराठीतून समजावून इंग्रजीची तयारी करून घ्यायला हवी. मॅच खेळायला कोर्ट हवं, जे दुपारी बारा ते तीन रिकामंच असतं पण मार्करला वापरू देत नाहीत. आणि पास झाल्यावर त्याच क्लबने त्याला मार्करच्या नाही, कोचच्या पगारावर घ्यायला हवं, नाहीतर सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस बास्केटपाशीच. कुठल्या क्लबच्या कमिटीवर कोणी हे वाचत असेल तर पुढच्या मीटिंगला एवढं मांडाच, वर्षाला दोन मुलं घेतली तरी चालेल. तोपर्यंत तुमच्या मुलाला सांगा की रविवारी दुपारी ती पाच-सहा जणं एकत्र बसवायची, एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी मुलं व्हायचं आणि मग काय चुकलं ते सांगायचं. कोर्समध्येही शिकवायचा सराव बराचसा असाच होतो.

या आठवड्यात दोनच कामं करा. क्लबला अनुभवाच्या पत्राचा अर्ज, आणि आयटा व एमएसएलटीएला ईमेल, त्यात विचारायचं की पुढचा प्ले टेनिस किंवा लेव्हल 1 कोर्स कधी आणि कुठे आहे, फी किती, वयाची आणि खेळाची अट काय, फी हप्त्याने घेता का, सवलत आहे का. तो ईमेल तुमच्या मुलालाच लिहू दे, इंग्रजीत. पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा म्हणावं. त्या 45 हजारवाल्यांचा परत फोन आला तर आयटाचं किंवा आयटीएफचं मान्यतापत्र ईमेलने पाठवा एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा.