निकालाची वाट बघाल आणि वकिलातीतली मुदत घालवाल

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने लिहिलं आहे. ते एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन आठ वर्षं झाली, ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) अजून नाही. मुलगा ३ एप्रिल २०२५ रोजी तिथेच जन्मला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५च्या आदेशानंतर तो अमेरिकी नागरिक आहे की नाही, आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत पासपोर्टासाठी थांबावं का, हा त्यांचा प्रश्न. अशी पत्रं वर्षभर येत आहेत. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर देतो.

आदेश तुम्ही वाचलेला दिसतो: आई तिथे बेकायदा किंवा तात्पुरती राहत असेल आणि वडील नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तिथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानायचं नाही. तुमचा मुलगा त्याच्या कक्षेत येतो. १९ फेब्रुवारी २०२५ नंतरचा जन्म, आईचा मुक्काम कायदेशीर पण तात्पुरता, आणि जन्माच्या दिवशी वडील ना नागरिक ना ग्रीन कार्डधारक. व्हिसांची यादी नमुन्यादाखल दिली आहे, त्यामुळे ‘एच-४चं नाव त्यात नाही’ हा बचाव चालणार नाही.

तरीही माझ्या मते मुलगा अमेरिकी नागरिक आहे. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत अमेरिकेत जन्मलेला आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेला’ प्रत्येक जण नागरिक ठरतो. सगळा वाद या चार शब्दांवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ साली चीनहून परतला, तेव्हा त्याला बोटीवरून उतरू दिलं नव्हतं. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिक ठरवलं. सरकार आता म्हणतं की त्याच्या आईबापांचं कायमचं बिऱ्हाड तिथे होतं, तात्पुरत्या व्हिसावाल्यांचं नसतं. आठ वर्षं मंजूर आय-१४० घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं बिऱ्हाड तात्पुरतं, हे मला पटत नाही. न्यायालयाला पटेल का, याची हमी मात्र कोणताही वकील देऊ शकत नाही.

आज, फेब्रुवारी २०२६मध्ये, तुमच्या मुलाला संरक्षण आहे. न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश लाप्लांट यांनी १० जुलै २०२५ रोजी २० फेब्रुवारीपासून जन्मलेल्या अशा मुलांचा सामूहिक दावा मान्य करून मनाई हुकूम दिला, म्हणजे ट्रम्प यांचा आदेश त्यांना लावायला बंदी केली. तो मुलांसाठी आहे, पालकांसाठी नाही. त्याआधी २७ जूनला सर्वोच्च न्यायालयासमोर हाच आदेश होता, पण तिथे निर्णय झाला तो मनाई हुकमाच्या व्याप्तीवर, म्हणजे तो कोणाकोणाला लागू करता येतो यावर. नागरिकत्वाचा प्रश्न तसाच ठेवून ५ डिसेंबरला पुन्हा सुनावणीस घेतला. या दिरंगाईचा मला खरोखर संताप येतो. तान्ह्या मुलांच्या आयुष्याचे हे महिने कोण परत देणार?

पण तुमचं सगळं ज्यावर ठरणार आहे ते कलम अमेरिकेच्या घटनेत नाही. ते आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यात आहे, कलम ४. परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय व्हायचं तर जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत ‘झालेली’ असावी लागते. अर्ज ‘केलेला’ असावा असं कायदा म्हणत नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती कधी मिळेल हे मी सांगू शकत नाही. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं पालकांना घोषित करावं लागतं.

आता तारखा शेजारी शेजारी मांडा. हे लिहितोय तेव्हा फेब्रुवारी २०२६ उजाडला आहे. सर्वोच्च न्यायालय असे मोठे निकाल बहुधा जूनअखेरीस देतं. तुमचं वर्ष ३ एप्रिलला संपतं. निकालाची वाट बघायची ठरवली आणि तो उलटा गेला, तर तेलही गेलं तूपही गेलं. मूल ना इकडचं ना तिकडचं. दहा महिने तुम्ही ना पासपोर्ट काढलात ना नोंद केलीत, का तर व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ‘थांबा’ म्हणालं. त्या माणसाने कलम ४ वाचलं होतं का, एवढं तरी विचारायचं होतंत!

म्हणून याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडे जन्मनोंदणीचा अर्ज करा. जन्मदाखल्याची सविस्तर प्रत आणि तुमचे दोघांचे पासपोर्ट तयार ठेवा. दाखल्यावर अपॉस्टिल (तो खरा असल्याची सरकारी मोहोर) लागतो का, ते आधी विचारा, कारण तो मिळवण्यात दिवस जातात. या नोंदीने अमेरिकेतला मुलाचा हक्क जात नाही. त्या हक्काला वर्षाची मुदत नाही, या नोंदीला आहे.

वाढदिवस साताऱ्यात आजीआजोबांकडे करायचा बेत तुम्ही कळवला आहे. तो रद्द करा. भारतीय पासपोर्टावर मुलाला नेलंत तर परत आणताना अडकाल. अमेरिकी नागरिकाने अमेरिकी पासपोर्टावरच प्रवेश करावा असा तिथला कायदा आहे, आणि ज्याला तुम्ही नागरिक म्हणता त्याच्यासाठी व्हिसा मागणं म्हणजे स्वतःचाच दावा खोडणं. प्रवास टळण्यासारखाच नसेल, तर अमेरिकी पासपोर्ट काढून पुढे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) घ्या, पण कलम ४ची वाट आपण बंद करतो आहोत हे समजून.

नोंद झाल्यावर अमेरिकी पासपोर्ट काढला तर भारतीय नागरिकत्वाचं काय, यावर आत्ता ठाम मत देत नाही. कलम ४(१अ) मुलाला सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत निवडीची मुभा देतं, पण दुसऱ्या देशाच्या पासपोर्टाबाबत सरकार कडक असतं. ते पाऊल तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून टाका.

अमेरिकी पासपोर्टाचा भरलेला फॉर्म कपाटात पडून आहे असं लिहिलंत. तो जपून ठेवा. वकिलातीचं नोंदणीपत्र हातात पडेपर्यंत मात्र पोस्ट ऑफिसात नेऊ नका.