किल्ली रखवालदाराकडे, बिल तुमच्याकडे

प्रश्न : चार दिवसांसाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली होती. घेतली विमानतळावरच्या शाखेतून आणि परत तिथेच करायची होती. शेवटच्या दिवशी उशीर होईल असं दिसल्याने त्याच कंपनीच्या शहरातल्या शाखेत रात्री साडेनऊला गाडी नेली. मुदत दहापर्यंत होती. ऑफिस बंद होतं. रखवालदाराने किल्ली घेतली आणि वहीत नोंद केली. मी लगेच ग्राहक सेवेच्या नंबरवर मेसेज टाकला, सोबत फोटोही पाठवला. तिसऱ्या दिवशी मेल आला : दोन दिवसांचं जादा भाडं, ‘चुकीच्या ठिकाणी गाडी सोडल्याचा’ दंड, गाडी नेण्याचा खर्च आणि मागच्या बंपरची दुरुस्ती. डिपॉझिट जप्त झालं. उरलेली रक्कम भरली नाही तर पोलिसांत जाऊ, असंही लिहिलंय. काय करू?

उत्तर : आधी कडू घोट. चूक तुमची आहे. ‘दोन्ही शाखा त्यांच्याच, मग फरक काय पडतो?’ हा मुद्दा सोडून द्या, तो टिकणार नाही. भाड्याने घेतलेली वस्तू मुदत संपताच मालकाला परत करायची किंवा तो सांगेल तिथे पोचवायची, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १६० सांगतं. करारात विमानतळ लिहिलं असेल तर विमानतळच.

पण तुमच्या चुकीची किंमत कंपनीने मनाला येईल ती लावावी, असं कायदा म्हणत नाही. कलम ७४ नुसार करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाईही नाही. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गाडी नेण्याचा खर्च म्हणजे ड्रायव्हरचा वेळ आणि इंधन. तो द्या, खळखळ करू नका. पण त्याच गोष्टीसाठी वर वेगळा दंड म्हणजे एकाच चुकीची दोनदा वसुली.

दोन दिवसांच्या भाड्याचं काय? तुमच्या प्रकरणाची खरी गंमत इथे आहे. भाड्याच्या गाड्यांत बहुधा जीपीएस असतो. तुमच्या गाडीत असेल, तर ती साडेनऊपासून आपल्याच दारात उभी आहे हे कंपनीला स्क्रीनवर दिसत होतं. नसेल, तर तुमचा मेसेज होताच. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान टाळायला काय उपाय हाताशी होते हेही बघावं लागतं. सकाळी शाखा उघडल्यावर गाडी हलवता आली असती. तरी दोन दिवस ती तशीच ठेवून मीटर चालू ठेवायचा, हे चालत नाही. मात्र सकाळचं एखादं बुकिंग खरंच रद्द झालं असेल आणि त्यांनी ते दाखवलं, तर तेवढा भार तुमच्यावर येईल.

बंपरच्या बाबतीत तुमची बाजू सगळ्यात दुबळी आहे. कलम १६१ प्रमाणे घेणाऱ्याच्या चुकीने वस्तू वेळेवर परत झाली नाही तर तेव्हापासून होणाऱ्या नुकसानीला तो जबाबदार. म्हणून वाद कुठल्या शाखेचा, यापेक्षा ताबा नक्की कधी सुटला याचा आहे. रखवालदार कंपनीचा होता की इमारतीचा? वहीवर नाव कुणाचं? कंपनीचा माणूस नेहमीच किल्ल्या घेत असेल तर ‘आम्ही गाडी स्वीकारलीच नाही’ म्हणणं त्यांना जड जाईल. इमारतीचा असेल तर तुम्हाला जड. तुमच्या फोटोंत पेट्रोलचा काटा आहे, किलोमीटर आहेत, बंपर आहे का? सगळे काट्याचा फोटो इमानाने काढतात, गाडीच्या मागे फिरून कुणी जात नाही. तपासणीची नोंद, तारीख-वेळेसह फोटो आणि गॅरेजचं बिल मागा. ते मिळेपर्यंत दुरुस्तीचा एक रुपयाही कबूल करू नका.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधल्या विश्वासघाताला अप्रामाणिक हेतू लागतो. गाडी कुठे आहे हे स्वतःहून, फोटोसकट कळवणाऱ्याचा तो हेतू दाखवणं कठीण. म्हणून तो मेसेज जपा, फोन बदलू नका. कोर्टात तो द्यायचा झाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता कंपनीला लेखी कळवा, मेलवर आणि रजिस्टर्ड पोस्टाने : ‘गाडी नेण्याचा प्रत्यक्ष खर्च पावती दाखवल्यास देण्यास मी तयार आहे. उरलेल्या आकारणीचा तपशील, जीपीएसची नोंद आणि तपासणीचे फोटो पंधरा दिवसांत द्यावेत. डिपॉझिटमधून केलेली वळती मला मान्य नाही.’ एवढंच. रागाची वाक्यं लिहू नका, पुढे तीच तुमच्यासमोर वाचली जातात. डिपॉझिट कार्डावरून कापलं असेल तर त्याच दिवशी बँकेकडेही तक्रार टाका, तिथली मुदत कमी असते.

उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. एक मेख मात्र आहे. ‘हा करारच अन्यायकारक, कलम रद्द करा’ अशी मागणी राज्य आयोगाकडे करावी लागते. जिल्ह्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच तक्रार लिहा, नाहीतर पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होईल.

आणि गाडी सोडायच्या आधी पेट्रोल भरलं असेल तर त्या पावतीवर वेळ छापलेली असेल. आजच तिचा फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं काही काळाने उडून जातात.