सही करण्याआधी टाकीच्या तोंडाशी जा

शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतून औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केलास, छान झालं. कायदा पाठ असेलच. आता सुरक्षा अधिकारी म्हणून पहिले काही महिने कंत्राटी कामगारांबरोबर फिर, रात्रपाळीतही. खरे धोके तेच दाखवतील.

बंद टाकीत माणूस उतरण्याआधी हवा स्वतः तपास. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर काम थांबव. वर, मध्ये, तळाशी, तिन्हीकडे मोज. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. आत कोणी कोसळला की सोबती त्याला काढायला धावतो आणि तोही जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून वर पहारेकरी, दोर, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आधी. आत उतरण्याच्या परमिटवर, म्हणजे लेखी परवानगीवर, सही नंतर. सुपरवायझर घाई करेल, करू दे.