वाचकांचे प्रश्न : सत्तरीनंतरचे कार्ड आणि रेशनकार्ड

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे राहतो. पत्नी ६८ वर्षांची आहे. आमच्या केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून उपचार मिळतात. मग सत्तरीनंतरच्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाने आणखी काय पदरात पडणार? मुलाच्या कंपनीच्या विम्यातही आमची नावे आहेत, त्याची अडचण येईल का? ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात की या योजना रुग्णालयांना परवडत नाहीत. त्यांचा तोटा तो आमचा फायदा कसा?

उत्तर : कार्ड अवश्य काढावे. महात्मा फुले योजनेचे संरक्षण जुलै २०२४ पासून दीड लाखांवरून ५ लाख रुपये झाले, परंतु ते संपूर्ण कुटुंबासाठी वर्षाला मिळून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वय वंदना कार्डावरचे ५ लाख सत्तरी ओलांडलेल्यांसाठी स्वतंत्र आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे उद्या आपली अँजिओप्लास्टी झाली, तरी पत्नीच्या वाट्याच्या रकमेला धक्का लागत नाही. त्यांना सत्तर पूर्ण झाल्यावर मात्र हे दुसरे ५ लाख आपणा दोघांत मिळून राहतील. मुलाच्या कंपनीच्या विम्याची आडकाठी नाही. केंद्र सरकारी कर्मचारी किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतील व्यक्तींना तेवढी दोहोंतून एकाची निवड करावी लागते.

वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड धरले जाते, आणि खरी मेख तेथेच आहे. आपण शिक्षक होता, तेव्हा हजेरीपटावर निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून कशी होत असे, हे आपणास सांगायला नको. तीच अंदाजाची तारीख पुढे आधारवर चढल्याने प्रत्यक्षात एकाहत्तरीत असलेली माणसे कागदावर एकोणसत्तरीत अडकतात. आपल्या परिचयातील वृद्धांना ती तारीख आणि आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक आजारपणापूर्वीच तपासून घेण्यास सांगावे. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून ओटीपी शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीपूर्वी आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचे, टेबल गाठावे. रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमका हा उपचार तेथे योजनेतून होतो का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत, कारण योजनेतील प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार होतोच असे नाही. उपचाराचा दर ठरलेला असतो. त्यात खाट, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी सोडल्यानंतरची काही दिवसांची औषधे धरलेली असतात. त्यावर वेगळी रक्कम मागता येत नाही. जुना मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून खासगी विम्याप्रमाणे थांबण्याचा कालावधीही नाही.

डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ठरलेला दर मोठ्या खासगी रुग्णालयास अपुरा वाटतो आणि दाव्याचे पैसे रखडले की लहान रुग्णालयाचे गणित पार कोलमडते. मग ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर आपल्यालाच ऐकावे लागते. परंतु जो रुग्ण खर्चाच्या धास्तीने दुखणे अंगावर काढत असे, तो आता उपचाराला येतो आणि त्याचे बिल देणारा कोणीतरी असतो, ही डॉक्टरांच्याही फायद्याचीच गोष्ट आहे. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयालाही योजनेतील उपचारांबद्दल दाव्याची रक्कम मिळते. त्यामुळे दर वाढावेत आणि पैसे वेळेवर मिळावेत ही डॉक्टरांची मागणी रुग्णांनीही आपलीच मानावी, असे आमचे मत आहे.

एक गोष्ट मात्र या कार्डात बसत नाही. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि दर महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.